मुक्या जिवांना वाली कोण?



मुंबईत परळ येथे एक जुना दवाखाना आहे. लोक त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय. प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी मुंबईत १८७४ साली एक संस्था स्थापन झाली. त्या काळी शहरातील ओझी बैल आणि घोडे वाहत असत. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी सढळ हाताने मदत केली आणि १८८३ साली या दवाखान्याची स्थापना झाली. त्याला त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले. आज मुंबईच्या रस्त्यांवर बैलगाड्या दिसत नाहीत, पण दवाखान्याचे काम थांबलेले नाही. मोटारीखाली सापडलेली कुत्री, आजारी मांजरे, संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेली कबुतरे आणि घारी यांना अशाच ठिकाणी उपचार मिळतात.

असे दवाखाने आणि प्राण्यांचे निवारे आज अनेक शहरांत आहेत. आपण त्यांचे कौतुक करतो. पण नको झालेले मांजर किंवा कुत्रे आणून सोडण्याची ती जागा आहे, असेही अनेकांना वाटते. मला हे मुळीच पटत नाही. निवारा हा शेवटचा आधार आहे. आपली जबाबदारी ढकलून देण्याची ती जागा नव्हे.

निवाऱ्यात काय काम चालते ते पाहा. जखमी जनावरावर उपचार होतात. कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस टोचली जाते. त्यांना आणखी पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया केली जाते. यालाच नसबंदी म्हणतात. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच पाडतात. तुमच्या गल्लीतील कुत्र्याच्या कानाला अशी खाच दिसली, तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजा.

काही जण म्हणतील, “एवढा खटाटोप कशाला? भटकी कुत्री मारून टाकावीत.” मुंबईत हा उपाय वर्षानुवर्षे करून पाहिला गेला. १९९४ पर्यंत महापालिका भटकी कुत्री मारत असे. तरी कुत्री संपली नाहीत. कारण सोपे आहे. जोपर्यंत रस्त्यावर कचरा आणि उष्टे अन्न पडलेले असते, तोपर्यंत रिकाम्या झालेल्या जागी दुसरी कुत्री येतात. म्हणून २००१ साली देशभरासाठी नसबंदीचे नियम झाले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले.

कुत्र्यांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कुत्रा किंवा मांजर चावले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद लावू नका. लगेच रुग्णालयात जा आणि लसीची सर्व इंजेक्शने पूर्ण घ्या. घरच्यांच्या रागाच्या भीतीने ही गोष्ट लपवू नका. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करूनच ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. पण निवाऱ्याला जागा लागते, अन्न लागते, डॉक्टर लागतात. जे प्राणी घरी नांदू शकतात, त्यांना घर मिळाले, तर तेवढी जागा दुसऱ्या गरजू जिवाला मिळेल.

आता तुमच्या मनातील एका प्रश्नाकडे वळतो. “सर, आपल्या घरात कुत्रा कसा चालेल?” असे तुम्ही विचाराल. घरात कुत्रा ठेवायलाच हवा, असे मी म्हणत नाही. पण घरात न ठेवणे वेगळे आणि रस्त्यात दगड मारणे वेगळे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली असेल. त्या एका कामाबद्दल अल्लाहने त्याला माफ केले. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही तुम्हाला ठाऊक असेल. तिच्या वाट्याला शिक्षा आली. मग शेपटीला डबा बांधून कुत्र्याला पळवणारा मुलगा कोणत्या धर्माचे नाव घेणार? शिवाय १९६० च्या कायद्यानेही प्राण्यांचा छळ हा गुन्हा आहे.

मांजराचे मात्र आपल्या घरांत स्वागतच होते. पण अलीकडे हजारो रुपये देऊन पर्शियन मांजर आणण्याची हौस वाढली आहे. तिचे लांब केस रोज विंचरावे लागतात, नाही तर त्यांच्या गाठी होतात. चपट्या नाकामुळे काहींना श्वासाचा त्रास होतो. हौस फिटली की तीच मांजर जिन्यात किंवा बाजारात सोडून दिली जाते. आयुष्यभर घरात वाढलेल्या मांजरीला बाहेर अन्न शोधता येत नाही. त्याच वेळी निवाऱ्यात आणि आपल्या चाळीच्या जिन्याखाली साधी, आपल्या हवेला सरावलेली पिल्ले घराची वाट पाहत असतात. विकत घेण्यापेक्षा यांपैकी एकाला घरी आणणे मला कितीतरी चांगले वाटते.

पण थांबा! पिल्लू गोंडस दिसले म्हणून लगेच उचलू नका. मांजर बारा ते पंधरा वर्षे जगू शकते. आठवीत आणलेले पिल्लू तुम्ही नोकरीला लागाल तेव्हाही घरात असेल. सुट्टीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळेल? लसीचा खर्च कोण करेल? अम्मी-अब्बांची संमती आहे का? आधी या प्रश्नांची उत्तरे शोधा. नसबंदी टाळू नका. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात आणि वर्षातून दोन-तीन वेळाही होतात. त्या सर्वांना घर कोठून मिळणार?

ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे भांडे ठेवा. उष्टे अन्न रस्त्यावर फेकू नका. जखमी प्राणी दिसला तर स्वतः हात न लावता मोठ्या माणसांना सांगा आणि निवाऱ्याला कळवा. जुनी चादर किंवा पोते तेथे नेऊन द्या.

माणसांनाच पुरेसे मिळत नाही, मग जनावरांचा विचार कशाला, असेही कोणी म्हणेल. पण भांडेभर पाण्याने कोणा गरिबाचा घास हिरावला जात नाही. रहम ही वाटून संपणारी वस्तू नाही. जो मुलगा मुक्या जिवाचे दुःख ओळखायला शिकतो, तो शेजाऱ्याचे दुःखही लवकर ओळखतो. परळच्या त्या दवाखान्याचे काम सुरू झाले ते बैलांच्या आणि घोड्यांच्या दुःखाकडे कोणीतरी पाहिले म्हणून. आपल्या गल्लीतील दुःखाकडे कोण पाहणार, हे आता तुम्ही ठरवायचे आहे.