माळ्यावरच्या पंप-ॲक्शनला भाव किती? कागद असेल तेवढाच

चाकण, महाळुंगे, तळेगाव या पट्ट्यात जमिनीचा भाव कोणालाही विचारा, तोंडपाठ असतो. एमआयडीसीचा टप्पा कितवा, रस्ता किती फुटी, मोजणी झाली की राहिली, सगळं चहा संपायच्या आत कळतं. पण त्याच घरात माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली आजोबांची बारा बोअर असेल, तर तिचा भाव घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

आता मोबाईलमुळे एक नवीनच गोष्ट सुरू झाली आहे. अमेरिकेतल्या लिलावांचे व्हिडिओ गावागावात पोचलेत. जुनी विंचेस्टर, इथाका, रेमिंग्टन अशा पंप-ॲक्शन बंदुका डॉलरमध्ये विकल्या जाताना लोक बघतात, डॉलरला रुपयाने गुणतात आणि माळ्याकडे बघतात. तिथली जुनी, आपलीही जुनी, मग आपलीही लाखाची. हा हिशेब चुकीचा आहे. कुठे चुकतो ते समजून घेतलं नाही तर पैसे राहिले बाजूला, घरातल्या एखाद्यावर गुन्हा दाखल व्हायचा.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी सापडते ती बहुतेक एकनळी किंवा दुनळी. नळी मोडायची, काडतूस घालायचं, पुन्हा बंद करायची. पंप-ॲक्शनमध्ये नळीच्या खाली दुसरी नळी असते, त्यात काडतुसं ओळीने बसतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवीन आत जातं. यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे विंचेस्टरची १८९७ सालची. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली, घोडा बाहेर दिसणारी. ती १९५७ पर्यंत बनत होती आणि दहा लाखांवर बनली. तिच्यामागून आलेली मॉडेल १२ ही १९१२ ते १९६४ या काळात जवळपास वीस लाख बनली.

हे आकडे सांगायचं कारण आहे. जी वस्तू दहा-वीस लाखांनी बनली ती जुनी असली तरी दुर्मिळ नसते. म्हणून अमेरिकेतसुद्धा साध्या, वापरून झिजलेल्या १८९७ मॉडेलला पाचशे ते हजार डॉलरच्या आसपासच मिळतात. मोठी रक्कम मिळते ती पहिल्या महायुद्धात खंदकात वापरलेल्या बंदुकीला. वीस इंची नळी, वर भोकांचा पत्रा, पुढे संगीन लावायची सोय. त्या बंदुकीने जर्मन इतके वैतागले होते की १९१८ मध्ये त्यांच्या सरकारने अमेरिकेकडे अधिकृत निषेध नोंदवला. तिच्या नकलाही तितक्याच निघाल्यात. साध्या बंदुकीला पत्रा बसवून खंदकातली म्हणून विकायची, हा तिथला जुना धंदा. व्हिडिओत दिसते ती बहुतेक अशी निवडक वस्तू, रोजची नव्हे.

तिकडचा संग्राहक भाव कसा लावतो हेही बघण्यासारखं आहे. तो आधी अनुक्रमांक बघतो, त्यावरून कारखान्यातलं साल निघतं. पंप-ॲक्शनच्या काही मॉडेलमध्ये नळी आणि मागचा भाग वेगळा करता येतो. तिथे दोन्हीवरचे आकडे जुळतात का हे पाहतो. जुळले नाहीत तर दोन बंदुकांची मिळून एक झाली असं समजायचं. मग लाकूड मूळचं आहे का, नळीचा काळा-निळा रंग कारखान्यातला आहे का. इथेच आपल्याकडची माणसं स्वतःचं नुकसान करून घेतात. दसऱ्याला शस्त्रपूजा आली की बंदूक काढायची, पॉलिश पेपर मारायचा, दस्त्याला वॉर्निश लावायचं. पूजेला छान दिसते, पण मूळ रंग आणि छापलेली अक्षरं घासून जातात. जुन्या बंदुकीला मऊ कापड आणि थोडं तेल, याच्यापलीकडे काही करू नये.

भोसरीत आणि चिखलीत लेथवाल्यांची काही कमी नाही. तुटलेली पिन दाखवली तर तासाभरात तशीच करून देतील अशी कारागिरी इथे आहे. पण शस्त्र कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे. बंदूक बनवणं, विकणंच नव्हे, तर दुरुस्त करणं आणि तपासून देणं यालाही परवाना लागतो. म्हणजे मालकाने ओळखीच्या टर्नरकडे नेली तर दोघेही अडकणार. नळी कापून आखूड करणं हा तर त्याहून मोठा उपद्व्याप. वीस इंचापेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक कायद्यानुसार प्रतिबंधित गटात जाते.

मग आपल्या पट्ट्यात किंमत ठरते कशावर? ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना हे समजवायला वेळ लागू नये. सातबारा नसलेली जमीन आणि परवाना नसलेली बंदूक सारखीच. वस्तू कितीही चांगली असो, कागद नसेल तर गिऱ्हाईक नाही. फरक एवढाच की कागद नसलेल्या जमिनीने माणूस तुरुंगात जात नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. त्याआधी ती एक ते तीन वर्षं होती.

आणि परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की त्याच्या परवान्यावर ती बंदूक घरात ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाला परवाना हवा असेल तर त्याने अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत याची सोय आहे, आणि मरणाची वाट बघायचीही गरज नाही. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याला हयातीतच वारस नेमता येतो.

या पट्ट्यातला गोंधळ नेमका इथे आहे. भूसंपादनामुळे खेड-मावळातल्या घराघरात वारस नोंद, फेरफार, वाटणीपत्र याचं शिक्षण झालं. आजोबांचं तेरावं होतं न होतं तोच तलाठ्याकडे अर्ज जातो, कारण मोबदला अडतो. बंदुकीचा मोबदला कोण देणार? त्यामुळे तिची नोंद राहते. एक वर्ष जातं, पाच जातात, परवान्याचं नूतनीकरण चुकतं. मग कोणीतरी नातू व्हिडिओ बघतो, फोटो काढतो आणि 'विकणे आहे' म्हणून ग्रुपवर टाकतो. तो फोटो म्हणजे स्वतःच दिलेला पुरावा झाला.

त्यातच कार्यालयं बदलली. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड हा भाग पुणे ग्रामीणमधून तिकडे गेला. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त, बाहेर जिल्हाधिकारी. म्हणजे खेड तालुका एकच, पण चाकणच्या माणसाने एका दारात जायचं आणि राजगुरुनगरच्या माणसाने दुसऱ्या. जुन्या परवान्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का आणि गाव आता आयुक्तालयात, अशी घरं बरीच. त्यांनी आपलं प्रकरण कोणत्या कार्यालयात आहे आणि परवान्याला यूआयएन क्रमांक पडला आहे का, हे आधी पाहावं. ऑनलाईन नोंदीतला तो क्रमांक नसलेला जुना लाल-निळा पुस्तकी परवाना दाखवून आता काम होत नाही.

विक्रीचा विचार केला तर बाजार मुळात लहान. घेणाऱ्याकडे परवाना पाहिजे, त्यावर जागा पाहिजे. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. त्या वर्षीच्या १४ डिसेंबरपासून मर्यादा दोनवर आली आणि तिसरी जमा करायला एक वर्ष दिलं गेलं. वारसाहक्काने येणारीही त्या दोनमध्येच मोजायची. मान्यताप्राप्त नेमबाजांना वेगळी सूट आहे, पण त्यांना पंप-ॲक्शनचं काम नसतं, उडत्या चकतीच्या नेमबाजीत दुनळी वापरतात. उरलेला परवानाधारक दोनपैकी एक जागा पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरला देतो. दुसऱ्या जागेसाठी दुनळ्या, एकनळ्या आणि पंप-ॲक्शन सगळ्या रांगेत. माल दुकानात वाढला, जागा घटल्या. भाव कुठे जाणार हे कांदा पिकवणाऱ्याला सांगायची गरज नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करायला बंदी आली. त्यामुळे 'आता येत नाही म्हणून महाग' हे म्हणणं खरं आहे, पण ते जास्त लागू होतं परदेशी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला. लांब बंदुकीत फार तर नामांकित इंग्लिश दुनळीला. पंप-ॲक्शन तर आपल्या आयुध निर्माणीनेही बनवली आहे. नुसती वापरायला हवी असेल तो शंभर वर्षं जुनी कशाला घेईल?

'जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही' असंही पारावर ऐकायला मिळतं. यात अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच घात होतो. कायद्याने कालबाह्य नमुन्याची, पुरातन मोलाची किंवा दुरुस्तीनेही न चालणारी शस्त्रं वगळली आहेत. पण बारा बोअर कालबाह्य म्हणायची कशी? तिची काडतुसं इथून हाकेच्या अंतरावर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. कारखाना १८६९ चा, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. काडतूस मिळतं तोवर बंदूक जिवंत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने 'क्युरिओ' म्हणजे संग्रहातली जुनी शस्त्रं बाळगण्यासाठी परवान्याची अट काढली हेही खरं. पण त्याच नियमात वापरायला, जवळ घेऊन फिरायला आणि इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच असं म्हटलंय. म्हणजे माळ्यावरून काढून गाडीत टाकली आणि पुण्याला भाव विचारायला नेली, इथेच नियम मोडला. आपली बंदूक क्युरिओत बसते असं वाटत असेल तर परवाना शाखेला आधी लेखी विचारावं, उत्तर लेखी घ्यावं. तोंडी 'चालतंय' हे कोर्टात चालत नाही.

शंभर वर्षं ओलांडली असतील तर आणखी एक कायदा बघावा लागतो, १९७२ चा पुरावशेष कायदा. मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे नेऊन विकू, हा बेत ज्यांनी केला असेल त्यांनी तो सोडून दिलेला बरा. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

ज्यांचे कागद चालू आहेत आणि विकायचीच आहे, त्यांचा रस्ता सरळ आहे. परवानाधारक गिऱ्हाईक बघायचं, जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. त्याआधी बंदूक हातात द्यायची नाही, इसार घेतला असला तरी नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फत केलं तर कटकट कमी, मात्र तो आपलं कमिशन धरून भाव सांगणार हे गृहीत धरावं. दोन-तीन दुकानांत फोटो आणि अनुक्रमांक दाखवून विचारावं. बंदूक हलवायची गरज नसते.

वापराच्या बाबतीत एक धोका आहे, तो पैशापेक्षा मोठा. जुन्या काही पंप-ॲक्शनचं चेंबर आजच्यापेक्षा आखूड आहे. आजचं सत्तर मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. पीळ दिलेल्या पोलादाच्या जुन्या नळ्या तर काळ्या दारूच्या काळातल्या. बिबट्याच्या भीतीने जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेडमध्ये अनेकांना आजोबांची बंदूक आठवते. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याची भीती खोटी नाही. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवान्याच्या बंदुकीनेही त्याला मारता येत नाही. आणि वीस वर्षं न झाडलेली नळी अंधारात आधी कोणाला दुखापत करील हे सांगता येत नाही.

ज्या घरात परवानाधारक वारला आहे आणि बंदूक अजून माळ्यावरच आहे, त्यांनी ती स्वतः उचलून निघू नये. आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना जोडावा आणि जमा कशी करायची ते तिथून ठरवून घ्यावं. एखादा वकील सोबत असलेला चांगला. पावतीवर कंपनीचं नाव, बोअर, नळीची लांबी, अनुक्रमांक आणि अवस्था लिहून घ्यायची. 'बारा बोअर बंदूक एक नग' एवढंच लिहिलेली पावती घेऊन उठू नये. उद्या वारसाला परवाना मिळाला किंवा विक्री ठरली, तर मुद्देमालाच्या खोलीतल्या ढिगातून आपली विंचेस्टर कोणती, हे त्या अनुक्रमांकावरूनच ओळखायचं आहे.