घरच्या संगणकाचे दोन पडदे

हल्लीं पुष्कळ घरांत एका संगणकास दोन, क्वचित् तीन मॉनिटर जोडलेले दिसतात. एका पडद्यावर पाठ्यपुस्तक व दुसऱ्यावर आपलें लिखाण, ही सोय अभ्यासास उपयोगी आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तीसाठीं मोठें ग्राफिक्स कार्ड घेतलेंच पाहिजे, असा जो समज आमच्या विद्यार्थ्यांत पसरला आहे, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटले. "अभ्यासाला तीन पडदे लागतात, कार्डावांचून ते चालत नाहींत," असें चिरंजीवांनीं सांगितल्यावरून त्यांनीं पतपेढींतून कर्ज काढून भारी किंमतीचें कार्ड घेतलें. मॉनिटरला पैसे उरले नाहींत, म्हणून दोन जुनाट, फिक्कट पडदे आणले. मुलाची डोकेदुखी कांहीं केल्या थांबेना. कार्ड खेळासाठींच हवें होतें, हें पुढें त्यानें आमच्यापाशीं कबूल केलें. खेळाची आवड हा अपराध नव्हे. पण तिचा खर्च अभ्यासाच्या नांवावर मांडणें बरें नव्हे. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत मुलें प्रार्थनेच्या वेळीं ऐकतात आणि बाजारांत विसरतात.

ग्राफिक्स कार्डाचें सामर्थ्य खर्ची पडतें तें खेळांतील हलतीं चित्रें क्षणोक्षणीं घडविण्यांत. स्थिर मजकूर दोन पडद्यांवर दाखविणें हें त्या मानानें किरकोळ काम. २००९ सालीं एएमडी कंपनीनें 'आयफिनिटी' काढली, तेव्हां घरगुती कार्डावर तीन पडदे चालणें ही नवलाई होती; पण २०१२ सालापासून इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांतील अंगचें ग्राफिक्सहि तितके पडदे चालवूं शकतें. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' अक्षर असतें, त्यांत हें अंगचें ग्राफिक्स नसतें. तेथें एखादें साधें कार्ड घेणें प्राप्तच आहे.

तेव्हां प्रथम संगणकाच्या पाठीमागें पाहावें. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचीं तोंडें किती, व एका वेळीं किती पडदे चालतील, हें माहितीपत्रकांत ताडून घ्यावें. ॲपलचा २०२० सालचा एम१ मॅकबुक एअर अधिकृतपणें बाहेरचा एकच पडदा घेतो! आम्हीं स्वतः एकदां ४के मॉनिटर आणून जुन्या संगणकाच्या एचडीएमआय १.४ च्या तोंडास जोडला. चित्र सेकंदास ६० ऐवजीं ३० वेळांच बदलूं लागलें, माउसचा बाण अडखळूं लागला. आठ दिवस आम्हीं दुकानदारास बोल लावीत होतों. चूक आमचीच होती.

वांचलेला पैसा मॉनिटरवर घालावा, कारण डोळे तासन्‌तास त्याकडेच लागलेले असतात. अभ्यासाला २४ इंची, १९२० × १०८० बिंदूंचे, आयपीएस जातीचे दोन पडदे पुरेसे आहेत. ते एकाच मापाचे असावेत व खालींवर करतां यावेत. वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊं नये. मुख्य पडदा समोर, दुसरा किंचित् तिरका. दोन्हीं सारखे मांडून मध्यें बसल्यास मान दिवसभर वळलेलीच राहते.

त्या गृहस्थांच्या संगणकांत अंगचें ग्राफिक्स होतेंच. त्यांनीं कार्ड विकलें. आलेल्या पैशांत दोन चांगले मॉनिटर होऊन कर्जाचे कांहीं हप्तेहि फिटले. डोकेदुखी थांबली आहे. चिरंजीव मात्र अद्याप आमच्यावर थोडे रुष्टच आहेत.