टोंडरचे जर्मन आणि आजोबांचा उतारा

गेल्या महिन्यात आजोबांनी ट्रंकेतून दोन कागद काढून माझ्या पुढ्यात टाकले. एक त्यांच्या वडिलांच्या नावचा शेताचा जुना उतारा, मराठीत. दुसरा दोन वर्षांपूर्वी काढून आणलेला, कन्नडमध्ये. शेत तेच, बांध तेच. "ह्यो मी वाचतो, ह्यो तू वाच," म्हणाले.

मला कन्नड वाचता येतं. शाळेत शिकलोय, त्या भाषेशी माझं काही भांडण नाही. वाचून दाखवला, तर फेडून झालेल्या कर्जाचा बोजा त्यावर अजून चढलेलाच. दोन वर्षं तो कागद घरात पडून होता आणि कुणालाच कळलं नव्हतं. मी कामासाठी बाहेर, घरात वाचणारं कुणी नाही.

मी म्हटलं, उतारा मराठीतून द्या असा अर्ज करू. हे ऐकून आमच्या चळवळीतले एक जुने काका नाराज झाले. त्यांचं म्हणणं असं, की भाषिक अल्पसंख्याक म्हणून हक्क मागितले की आपण ही सीमा मान्य केली. मग खटला कशाला लढवायचा? काकांनी १९८६ च्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात, त्यांच्यासमोर मी गप्प बसलो. पण हे म्हणणं मला पटलेलं नाही. का, ते सांगायला थोडं लांब जावं लागेल. जर्मनीच्या उत्तर टोकाला, जिथं डेन्मार्कची मान जर्मनीच्या धडाला जोडलीय तिथं.

त्या पट्ट्याचं नाव श्लेसविग. शेकडो वर्षं डॅनिश राजाच्या ताब्यातली जहागीर, पण लोकवस्ती मिश्र. उत्तरेकडं डॅनिश, दक्षिणेकडं जर्मन, मधे अशी गावं की घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि चर्चमध्ये तिसरीच. (आपल्या खानापूरच्या आठवडी बाजारात तासभर उभं राहिलं की हे चित्र समजतं.) १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियानं डेन्मार्कला हरवलं आणि श्लेसविग गेलं. १८६६ च्या प्रागच्या तहात एक कलम होतं, उत्तर श्लेसविगच्या लोकांना कुठं राहायचं ते मतदानानं ठरवू देण्याचं. बारा वर्षांनी, १८७८ मध्ये, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं आपसात बसून ते कलमच काढून टाकलं. ज्यांच्याविषयी ते होतं त्यांना कुणी विचारलं नाही. पुढं १८८८ मध्ये प्रशियानं हुकूम काढला, की शाळेत धर्माचे काही तास सोडले तर सगळं जर्मनमध्येच शिकवायचं. पहिल्या महायुद्धात तर हीच डॅनिश मनाची पोरं जर्मन गणवेशात लढायला पाठवली गेली. हजारो परत आली नाहीत.

जर्मनी हरल्यावर व्हर्सायच्या तहानुसार १९२० मध्ये अखेर मतदान झालं. आता इथून पुढं नीट बघा, कारण आपल्याला कामाची गोष्ट इथंच आहे.

मतदानासाठी श्लेसविगचे दोन भाग केले. उत्तरेकडच्या पहिल्या भागाची मतं सगळी एकत्र मोजायची, निकाल अख्ख्या भागाला लागू. मधल्या दुसऱ्या भागात मात्र गाववार मोजणी. पहिल्या भागात १० फेब्रुवारीला जवळपास ७५ टक्के मतं डेन्मार्कला पडली, भाग डेन्मार्कला गेला. दुसऱ्या भागात १४ मार्चला सुमारे ८० टक्के मतं जर्मनीला. फ्लेन्सबुर्ग हे मोठं शहर जर्मनीतच राहिलं. त्यावरून कोपनहेगनमध्ये इतका गोंधळ झाला, की राजानं पंतप्रधानालाच घरी पाठवलं.

पण पहिल्या भागात टोंडर नावाचं एक गाव होतं. बाजारपेठेचं, छोट्या शहरासारखं. तिथल्या लोकांनी तीन चतुर्थांशाहून जास्त मतं जर्मनीला दिली होती. सोन्डरबोर्ग आणि ओबेनरो या गावांतही जर्मन मतं निम्म्याहून जास्त होती. तरी तिन्ही डेन्मार्कमध्ये गेली, कारण मोजणी गावाची नव्हती, भागाची होती. भोवतालची खेडी डॅनिश, म्हणून बाजारगावही त्यांच्याबरोबर.

ओळखीचं वाटतंय का? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ चा. बेळगाव शहरात मराठी बोलणारे जास्त आहेत हे आयोगाला ठाऊक होतं. पण आयोगानं शक्य तिथं जिल्हा फोडायचा नाही असं धरलं. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याला दिला. जिल्ह्यातले बाकीचे बहुतेक तालुके कर्नाटकात जाणार, मग जिल्ह्याचं ठिकाण आणि त्याचा तालुकाही तिकडंच जाणं सोयीचं, असा तो हिशोब. टोंडरला लावलेलाच हिशोब, फक्त बेळगावात मतदानही झालं नाही.

सीमेच्या भांडणात पहिला प्रश्न कोण किती आहेत हा असतो असं आपण समजतो. माझ्या मते खरा पहिला प्रश्न आहे, माणसं कुठल्या मापानं मोजली? गाव धरलं तर एक उत्तर, तालुका धरला तर दुसरं, जिल्हा धरला तर तिसरं. तिन्ही आकडे खरे. ज्याच्या हातात माप ठरवणं असतं त्याच्याच बाजूनं रेघ झुकते. आपली मागणी ज्या सूत्रावर उभी आहे ते पाटसकर सूत्र याच प्रश्नाचं एक उत्तर आहे. आंध्र आणि मद्रास यांच्यातला वाद सोडवताना हरी विनायक पाटसकरांनी खेडं हा घटक धरला. त्या निवाड्यानुसार १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणी मद्रास राज्यात गेलं. म्हणजे भारतात खेडं मोजून राज्यांची सीमा बदललेली आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याचा कणा तोच.

तरी खेडं धरलं म्हणून सगळं सुटतं असंही नाही. श्लेसविगच्या गाववार मोजणीत फ्योर बेटावरची तीन खेडी डेन्मार्कच्या बाजूनं निघाली. पण त्यांची हद्द डेन्मार्कला लागत नव्हती. राहिली जर्मनीत. रेघ कुठंही मारा, कुणीतरी चुकीच्या बाजूला राहतंच.

त्या राहिलेल्यांचं पुढं काय होतं, भांडण तिथं ठरतं.

टोंडरच्या जर्मनांचं सुरुवातीला काही बरं झालं नाही, आणि त्यात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. १९२० नंतर त्यांची एकच मागणी, सीमा बदला. मागणीला आधारही होता, मतांचे आकडे सगळ्यांसमोर होते. पण १९३३ नंतर बर्लिनमध्ये नाझी आले आणि या लोकांची खरी तक्रार त्यांना आयती मिळाली. अल्पसंख्याकांच्या संघटना नाझी विचारानं भरून गेल्या. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं अख्खा डेन्मार्क घेतला तेव्हा टोंडरच्या लोकांना वाटलं, झालं आपलं काम. पण हिटलरनं सीमा हलवलीच नाही! त्याला डेन्मार्क शांत हवा होता, टोंडरच्या लोकांचं त्याला काय पडलं होतं? पोरं मात्र जर्मन सैन्यात भरती करून नेली. १९४५ नंतर हजारोंना डेन्मार्कनं अटक केली, जर्मन शाळा बंद पडल्या. आपल्या दुःखाला दिल्ली, मुंबई, बेंगळूरूहून कुणी मोठा माणूस माईक द्यायला आला, की मला टोंडर आठवतं.

१९४५ नंतर उलटा मोह डेन्मार्कला झाला. जर्मनी पडलेलं, दक्षिण श्लेसविग मागून घ्यायची संधी समोर. पंतप्रधान क्नूड क्रिस्टेन्सन यांना तो भाग हवा होता. पण संसदेचं बहुमत सीमा तशीच ठेवा म्हणणारं निघालं आणि १९४७ मध्ये याच मुद्द्यावर त्यांचं सरकार पडलं. इकडं जर्मनीत राहिलेल्या डॅनिश लोकांच्या पक्षाला १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत पाच टक्क्यांच्या अटीमुळे एकही जागा मिळाली नाही.

मग २९ मार्च १९५५ ला बॉन आणि कोपनहेगननं आपापल्या बाजूनं एकेक घोषणा केली. तह नव्हे. पश्चिम जर्मनीला तेव्हा नाटोत यायचं होतं आणि डेन्मार्क आधीपासून आत होता, त्यामुळे जर्मनीचा हात अडकलेला होता हेही खरं. उगाच कुणाला साधुसंत करायला नको. पण त्या घोषणांचा गाभा बघा. स्वतःला अल्पसंख्याक समाजातलं मानायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि कुठल्याही अधिकाऱ्यानं त्यावर शंका घ्यायची नाही की तपासणी करायची नाही. डॅनिश पक्षाला पाच टक्क्यांची अट सुटली. डेन्मार्कमधल्या जर्मन शाळांच्या परीक्षांना मान्यता मिळाली. सीमा एक इंचही हलली नाही.

आज टोंडरमध्ये जर्मन शाळा आहे. पलीकडं फ्लेन्सबुर्गमध्ये डॅनिश शाळा आहेत, १८६९ पासूनचं डॅनिश वर्तमानपत्र अजून निघतं. २०२१ मध्ये त्या डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाचा एक खासदार पंचावन्न हजारांच्या आसपास मतांवर जर्मन संसदेत गेला.

स्वर्ग नाही तिथंही. २०१० मध्ये श्लेसविग-होल्स्टाइनच्या सरकारनं काटकसरीच्या नावाखाली डॅनिश शाळांचं अनुदान कापायचं ठरवलं, पुढच्या सरकारनं ते पूर्ववत केलं. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या हाडर्सलेव्हमध्ये गावाच्या पाटीवर डॅनिशबरोबर जर्मन नाव लावलं, तर पाटी कुणीतरी उखडली आणि महापौरांनी ती परत लावली नाही. येळ्ळूरची पाटी बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथं पाटीमागोमाग पोलीस घरात शिरले नाहीत.

आता काकांचा मुद्दा. १९२० नंतर दोन्हीकडच्या अल्पसंख्याकांमध्ये हाच वाद होता, शाळा मागायची की सीमा? त्यांनी दोन्ही मागितलं आणि शाळा मागितल्यानं कुणाचा दावा बुडाला नाही. उलट शाळाच बंद पडली तर पुढच्या पोरांना सीमेचं काही वाटेनासं होईल, असं मला वाटतं. खटला जिंकलो आणि तोपर्यंत मराठीत उतारा वाचणारा कुणी उरला नाही, तर महाराष्ट्र नेमकं काय घेऊन जाणार?

आणि कायद्यानंही काका चुकतात असं मला वाटतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-अ आलं, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं. ३५०-ब आलं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचं. जिथं अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत काढायच्या, हे देशभरासाठी मान्य झालेलं तत्त्व आहे. यातलं काहीही "आधी सीमा मान्य करा" म्हणत नाही. महाराष्ट्राचा दावा राज्य लढवतंय, उतारा आजोबांचा आहे. दोन वेगळी कामं.

एक गोष्ट मात्र आपल्याला अवघड जाणार. बॉन आणि कोपनहेगनच्या घोषणा टिकल्या, कारण दोघांचीही माणसं पलीकडं होती. जर्मनीनं फ्लेन्सबुर्गची डॅनिश शाळा त्रासात टाकली, की टोंडरची जर्मन शाळा लगेच आठवते. आपल्याकडंही तसंच आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी माणसं आहेत. महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली तशी २४७ गावं कर्नाटकाला सुचवली होती. ती बहुतेक याच पट्ट्यातली. २०२२ मध्ये जतच्या गावांचा विषय परत निघाला, तो मुळात भाषेचा नव्हताच, पाण्याचा होता. सीमावादात भाषा पुढं दिसते आणि मागं पुष्कळदा पाणी, रस्ता, बाजार असतो.

मग बेळगावात मराठी परिपत्रक मागणाऱ्यानं जतमध्ये कन्नड परिपत्रक मिळतं का, हे विचारायला नको का? आपल्या पेजवर जतच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागांविषयी एकदा तरी कुणी लिहिलंय का? मीही लिहिलेलं नाही.

आजोबांचा अर्ज शेवटी मी मराठीतच केला. कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, तेवढी एक ओळ वर लिहिली. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट बघितला, आत जाऊन कुणाला तरी विचारलं आणि शिक्का मारून पोच दिली. उत्तर अजून आलेलं नाही. बोजा उतरवायचा अर्ज वेगळा दिलाय, तो कन्नडमध्ये. दोन्ही पोचपावत्या आजोबांनी त्याच ट्रंकेत ठेवल्यात.