ओझर म्हणजे झरा!

'ओझर' म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे मिग विमान येते. कारखाना आला १९६४ साली. नाव मात्र फार जुने. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'निर्झर'चे एक रूप दिले आहे : 'ओज्झर'. बोलण्यातून हा शब्द गेला. पण बाणगंगेकाठचे हे ओझर, विघ्नहराचे ओझर आणि ओझरकर आडनाव यांत तो टिकून आहे.

याच ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतर बापू उपाध्ये, भरत कावळे यांच्यासह पाणी वापर संस्था उभारून वाघाडच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेले. गावाचे नाव सार्थ केले! आपण मात्र बोअर खोल नेत राहतो. निदान आपल्या गावाच्या नावात कोणते पाणी दडले आहे, एवढे तरी मुलांना सांगायला नको का?