चारित्र्य कुणाचं तपासता?

नोकरीच्या फॉर्मवर एक रकाना असतो. 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' आपली शिकलेली पोरं ह्या रकान्यापाशी येऊन थबकतात. 'होय' लिहावं तर फॉर्म टोपलीत, 'नाही' लिहावं तर उद्या खोटारडा म्हणून हकालपट्टी.

मालक चौकशी का करतो? त्याचंही ऐकू. खोट्या डिग्र्या विकत मिळतात. बँकेची रोकड कुणाच्याही हाती देता येत नाही. शाळेच्या बसवर ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा मागचा इतिहास बघायलाच पाहिजे, त्या बसमध्ये आपलीही पोरं बसतात. इथवर माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. कंपनी हे काम एजन्सीला ठेक्यानं देते. एजन्सीचा माणूस डिग्री बघतो, जुन्या मालकाला फोन लावतो, पत्ता हुडकत वस्तीत येतो, कोर्टाच्या नोंदीत नाव टाकून बघतो. त्यातून निघतो एक कागद. त्यावर 'गुन्हा दाखल' दिसलं की साहेब पुढचं वाचत नाही. कशापायी दाखल, पुढं निर्दोष सुटला का, कोण विचारतो! आरोप हीच शिक्षा.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. मग वस्त्यावस्त्यांतून पोरं उचलली. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्र्यांनीच सांगितलं, ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागं घेतले. बाकीच्यांचं काय? आणि मधल्या दोन वर्षांत ज्याचं भरतीचं वय उलटलं, त्याचं वय कोण मागं घेणार?

सुप्रीम कोर्टानं २०१६ साली अवतार सिंग खटल्यात म्हटलंय, माहिती खरी द्या. पण तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण दडवलं असेल तर मालक ते नजरेआड करू शकतो. करू शकतो, म्हणजे त्याची मर्जी. आणि घोषणा देणाऱ्यावर पोलिसांनी सरकारी कामात अडथळ्याचं कलम ठोकलं, तर ते किरकोळ राहतं काय?

खरं तर एजन्सी यायच्या आधीच एक चौकशी होऊन गेलेली असते, फुकटात, आडनावावरून. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना धाडले. २००७ साली छापलेला हिशेब असा: सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं यायची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. पारध्याच्या पोराची तर गोष्टच सोडा. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, साहेबाच्या डोक्यातनं गेला नाही.

ह्या रकान्यानं चोर किती सापडले मला ठाऊक नाही. पण घरोघर आई म्हणते, 'मोर्चाला जाऊ नको बाबा, पुढच्या महिन्यात भरती आहे.' लाठीमार न करता मोर्चा घरातच मोडतो, तो असा.

म्हणून आपली मागणी साधी असावी. फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे काय' नको, 'शिक्षा झाली आहे काय' एवढंच विचारा. एजन्सीचा कागद नकार देण्याआधी उमेदवाराच्या हातात द्या, त्याचं म्हणणं लिहून घ्या. आणि पोरांनो, तोवर रकान्यात खोटं लिहू नका. सुटलेल्या केसच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टातून काढून घ्या, दोन प्रती घरी ठेवा, एक शाखेत आणून द्या.