अपग्रेड आणि पाच प्रश्नचिन्हे

आजीच्या तोंडचे आंडोर, आंडेर असे अहिराणी शब्द मी गोडादऱ्यातल्या घरी बसून विकीवर जमवतो. रविवारी बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवला, मीडियाविकी अपग्रेड केले आणि समोर ५०० एरर! एरर लॉग पाहिला: पीएचपीची आवृत्ती जुनी. ती बदलली, तर डेटाबेस म्हणे कॉलम सापडत नाही. फाइली नव्या, टेबले जुनीच. अपडेट स्क्रिप्ट चालवल्यावर विकी उघडला, पण ‘आंडेर’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे. पोटात गोळाच आला. अक्षर असे प्रश्नचिन्ह होऊन साठले की परत मिळत नाही. नशीब, जुना सर्व्हर चालू होता. यूटीएफ-८ मध्ये बॅकअप पुन्हा घेतला. मित्रांनो, बॅकअप उघडून एक तरी मराठी ओळ वाचून बघा. मी वाचली नव्हती.