एक रेघ दिसली म्हणून निर्धास्त राहू नका

जानेवारी २०२२. कोरोनाची तिसरी लाट चालू होती. रात्री मुलाचा घसा दुखू लागला आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी वलीमा होता. मेडिकलमधून घरी करायचे किट आणले. पंधरा मिनिटांनी ‘सी’पाशी एकच रेघ! “निगेटिव्ह आहे, चला,” म्हणत आम्ही निघालो. मुलगा दिवसभर नानीजवळ बसून होता. दोन दिवसांनी त्याला ताप आला, पुन्हा चाचणी केली तर दोन रेघा. तोवर अम्मी खोकू लागल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. अल्लाहच्या मेहरबानीने त्या बऱ्या झाल्या, पण ते दहा दिवस मी विसरलेली नाही.

किट खोटे नव्हते, आम्हीच उत्तर चुकीचे वाचले. ही चाचणी विषाणूची प्रथिने शोधते. सुरुवातीला ती नाकात थोडी असतात, म्हणून रेघ उमटत नाही. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा अंश अनेक पटींनी वाढवून पाहतात, म्हणून ती थोडा विषाणूही पकडते. मी वर्गात रोज हजेरी घेते. नाव पुकारताना जो नसतो, तो उशिरा येऊ शकतो. निगेटिव्हचा अर्थही एवढाच: या घडीला सापडला नाही.

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने घरगुती चाचणीला मान्यता दिली, तेव्हाच सांगितले होते की पॉझिटिव्ह आले तर ते खरे माना. लक्षणे असून निगेटिव्ह आले तर आरटी-पीसीआर करा. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये सल्ला दिला की लक्षणे असतील तर ४८ तासांनी पुन्हा चाचणी करावी. लक्षणे नसतील तर अशा अंतराने तीन कराव्यात.

किट वापरताना मुदतीची तारीख पाहा. नाकातला नमुना सांगितल्याप्रमाणेच घ्या, नुसता कापूस टेकवू नका. निकाल दिलेल्या वेळेतच वाचा. ‘टी’ची रेघ फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. ‘सी’ची रेघच आली नाही तर चाचणी बाद.

आणि घरात वृद्ध, आजारी किंवा गरोदर कोणी असेल, तर खोकला असेपर्यंत त्यांच्यापासून दूर राहा, मास्क लावा. किट काहीही सांगो. दावत पुन्हा होईल. अम्मींना भेटायला चार दिवस उशीर झाला, तर त्या रागावणार नाहीत.